घरात वाय-फाय असताना प्रत्येक फोनला डेटा पॅक कशाला? महिन्याच्या रिचार्जमधून बाहेर पडण्याच्या पायऱ्या

आपल्याकडे मोबाईलचा ‘महिना’ अठ्ठावीस दिवसांचा असतो. म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. २९९ गुणिले तेरा, वर्षाचे ३,८८७ रुपये. घरात चार फोन असतील तर १५,५४८. आणि त्याच घराच्या भिंतीवर फायबरचा राउटरही लुकलुकत असतो, त्याचं बिल वेगळं. दिवसाचे वीस-बावीस तास वाय-फायवर असलेल्या फोनला रोज दीड जीबी विकत घेणं म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवणं.

हा लेख त्यातून बाहेर कसं पडायचं याबद्दल आहे. फोन सोडायचा नाही, नंबर सोडायचा नाही, कॉलही बंद करायचे नाहीत. सोडायचा आहे तो फक्त प्रत्येक सिमवरचा रोजचा डेटा. आमच्या घरी ही व्यवस्था आता अंगवळणी पडली आहे. नातेवाईक आणि शेजारी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलं आहे. घाई करू नका, कारण आपला नंबर आज बँकेची, आधारची, गॅसची किल्ली झाला आहे. पैसे वाचवण्याच्या नादात तो हातचा गेला तर फार महागात पडतं.

हाताशी काय ठेवायचं

- घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्ड आणि प्रत्येक सिम कोणाच्या नावावर आहे त्याची नोंद
- घरी फायबर नसेल तर पत्त्याचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार चालतो)
- गेल्या काही महिन्यांच्या रिचार्जचे मेसेज किंवा कंपनीच्या ॲपमधला इतिहास
- वाय-फाय कॉलिंगची सोय असलेला फोन. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये ती असते
- एक वही. खरंच वही घ्या, पुढे लागणार आहे

१. आधी ठरवा, हे तुमच्यासाठी आहे का

ज्यांचा दिवस घरी, दुकानात, ऑफिसात किंवा कॉलेजात जातो आणि तिथे वाय-फाय आहे, त्यांना हे अगदी सोयीचं. आई-बाबा, आजी-आजोबा, घरून काम करणारे, शाळकरी मुलांचे फोन, आणि कपाटात पडून असलेलं ‘दुसरं सिम’ हे सगळे याच गटातले.

रिक्षा-टॅक्सी चालवणारे, डिलिव्हरी करणारे, फिरतीची नोकरी असलेले, रोज दोन तास लोकलमध्ये काढणारे यांनी या भानगडीत पडू नये. त्यांचा डेटा खरोखर वापरला जातो. घरात एक जण असा असेल तर त्याचा पॅक तसाच ठेवा. सगळ्यांना एकाच मापात बसवायचा हट्ट केला की दोन आठवड्यांत घरात कुरबुर सुरू होते आणि सगळंच गुंडाळलं जातं.

आता हिशेब. चार जणांचं घर, फायबर आधीपासून आहे. फायबरचा साधा प्लॅन ३९९ रुपयांचा धरला तरी त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे महिना ४७१ च्या आसपास, वर्षाला साधारण ५,६५० रुपये. त्यात चार फोनचे १५,५४८ मिळवले की २१,१९८. आता एकाचाच डेटा पॅक ठेवला (३,८८७) आणि बाकी तिघांना वर्षभराचा फक्त-कॉलचा, म्हणजे डेटा नसलेला प्लॅन (त्याबद्दल चौथ्या पायरीत) १,८४९ रुपयांना घेतला (५,५४७), तर फायबर धरून १५,०८४ होतात. वर्षाला ६,११४ रुपये वाचले.

घरी फायबर नसेल तर मात्र थांबा. एकट्या माणसाने केवळ बचतीसाठी फायबर घेऊन डेटा सोडला तर ३,८८७ च्या जागी ७,४९९ जातील. प्रत्येक माणसामागे वाचतात २,०३८, आणि फायबरला लागतात ५,६५०. म्हणजे घरातले निदान तिघे डेटा सोडायला तयार असतील तरच वाय-फायचा खर्च भरून निघतो. दोघांच्या घरात फायबर घ्यायचं तर ते घ्या, पण वेगासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी. त्याला बचत म्हणू नका.

आणखी एक बारीक गोष्ट: मोबाईल रिचार्जच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, फायबरच्या जाहिरातीतल्या किमतीत बहुधा नसतो. ‘३९९’ आणि ‘२९९’ हे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत होते. शिवाय जोडणी, राउटरची अनामत, वायर ओढण्याचे पैसे हे आधी विचारून घ्या. गल्लीतला केबलवालाही आता फायबर देतो. त्याचा सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा दर मोठ्या कंपनीपेक्षा पुष्कळदा कमी असतो आणि वायर तुटली तर तो संध्याकाळपर्यंत येतो. माझा कल त्याच्याकडेच आहे, फक्त पैसे भरल्याची पावती घ्यायची सवय ठेवा.

२. एक रुपयाही न खर्च करता चाचणी घ्या

आत्ताचा पॅक चालू असतानाच फोनमधला मोबाईल डेटा बंद करा आणि दोन आठवडे तसंच राहून बघा. अडलं तर चालू करा, पण अडलं कुठे ते वहीत लिहा. भाजीवाल्याकडे यूपीआय करताना? रिक्षा बोलावताना? मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर सुट्टीचा निरोप उशिरा दिसला म्हणून?

शिवाय फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डेटा वापर’ नावाचं पान असतं. तिथे मोबाईल डेटा आणि वाय-फाय वेगवेगळे दिसतात. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हा आकडा बघितला की बहुतेक वेळा आश्चर्य वाटतं: पॅक रोज दीड जीबीचा आणि मोबाईल डेटाचा महिन्याचा वापर त्यातल्या एका दिवसाइतकाही नाही.

ही चाचणी टाळू नका. वर्षभराचा प्लॅन एकदा घेतला की पैसे परत मिळत नाहीत.

३. नंबर कुठे कुठे जोडला आहे त्याची यादी करा

आता ती वही उघडा. प्रत्येक नंबरपुढे लिहा: कोणती बँक खाती, आधार, पॅन आणि आयकराचं खातं, पीएफचा यूएएन, डिमॅट, गॅस एजन्सी, महावितरण किंवा तुमची वीज कंपनी, गाडीची नोंदणी, विमा, मुलांची शाळा, ईमेलचा पासवर्ड परत मिळवण्याचा नंबर.

मग दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जा. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत हे तिथे ओटीपी टाकून कळतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते. ही तपासणी बचतीसाठी नसली तरी करावीच. बचतीच्या दृष्टीने तिचा उपयोग हा की विसरलेलं एखादं सिम सापडतं, ज्यावर आपण केवळ सवयीने रिचार्ज मारत असतो.

इथेच एक मोठी अडचण समोर येते: बाबांचा नंबर मुलाच्या नावावर, आईचा नंबर जावयाच्या नावावर. सिम हरवलं, पोर्ट करायचं (नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची) झालं, तर ज्याच्या नावावर आहे तोच माणूस आणि त्याचंच आधार लागतं. तो पुण्यात किंवा दुबईत असेल तर आई महिनाभर बिनफोनची. म्हणून प्लॅन बदलण्याआधी नंबर वापरणाऱ्याच्याच नावावर करून घ्या. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात दोघांनी एकत्र गेलं तर हे काम सोपं होतं.

दुसरं सिम ठेवायचंच नसेल तर त्यावर जोडलेली बँक आणि आधार आधी पहिल्या नंबरवर न्या, सगळे बदल झाल्याचे मेसेज येऊ द्या, त्यानंतर एखादा महिना थांबा आणि मगच ते सिम सोडून द्या. दोन नंबर जगवण्यापेक्षा एक नंबर नीट सांभाळणं केव्हाही स्वस्त.

४. फक्त-कॉलचा प्लॅन निवडा

हा प्लॅन दुकानदार आपण होऊन सांगत नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक प्राधिकरणाने, ग्राहक संरक्षण नियमांमध्ये दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने निदान एक व्हाउचर असं ठेवलंच पाहिजे ज्यात फक्त कॉल आणि एसएमएस असतील, डेटा नसेल. त्याच दुरुस्तीत अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. ज्येष्ठ मंडळी, साधा फोन वापरणारे आणि घरी वाय-फाय असलेले लोक नको असलेल्या डेटाचे पैसे भरतात, हे ट्रायने मान्य केलं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये हे प्लॅन आले. त्या वेळचे दर असे: एअरटेलचा ४६९ रुपयांत ८४ दिवस आणि १,८४९ रुपयांत ३६५ दिवस, जिओचा ४४८ रुपयांत ८४ दिवस आणि १,७४८ रुपयांत ३३६ दिवस. कॉल अमर्याद, एसएमएस ठरावीक. दर बदलत राहतात, म्हणून घेण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर ताजा आकडा बघा. ॲपच्या पहिल्या पानावर हा प्लॅन सहसा दिसत नाही. खाली ‘व्हॅल्यू’, ‘फक्त व्हॉइस’ अशा नावाच्या कप्प्यात शोधावा लागतो.

बीएसएनएलचं नेटवर्क तुमच्या भागात चांगलं असेल तर तिकडेही बघा. २०२४ च्या अखेरीस त्यांनी १,१९८ रुपयांचा वर्षभराचा प्लॅन आणला होता: महिन्याला ३०० मिनिटं, ३ जीबी डेटा आणि ३० एसएमएस. ज्यांचं बोलणं कमी त्यांना थोडा डेटाही मिळतो आणि वर्षाचा खर्चही कमी. पण कोकणातल्या एखाद्या वाडीत फक्त बीएसएनएलची रेंज आणि शहरातल्या तळमजल्याच्या घरात बीएसएनएल नाहीच, असं दोन्ही बघायला मिळतं. शेजारच्याचं सिम आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात लावून बघणं हीच खरी परीक्षा.

प्लॅन घेताना हे तपासा:

*मुदत.* ३३६ दिवस म्हणजे वर्ष नाही. वरवर स्वस्त दिसणारा प्लॅन दिवसाच्या हिशेबाने जवळजवळ तेवढाच पडतो. १,७४८ भागिले ३३६ आणि १,८४९ भागिले ३६५, दोन्ही पाच रुपयांच्या थोडे वर.

*वरून डेटा घेता येतो का.* गावाला जाताना किंवा लग्नकार्याला एक दिवसाचं छोटं डेटा व्हाउचर मारता आलं तर सोय होते. सगळ्याच फक्त-कॉलच्या प्लॅनवर ते चालेल असं गृहीत धरू नका. ग्राहक सेवेला आधी विचारा.

*आधीचा पॅक.* जुना पॅक संपायला दिवस उरले असतील तर नवा रांगेत थांबतो की लगेच सुरू होतो, ते रिचार्ज करण्यापूर्वीच्या सूचनेत वाचा. शंका असेल तर जुना संपल्याच्या दिवशीच रिचार्ज करा.

*ऑटोपे.* यूपीआयवर जुन्या पॅकचा ऑटोपे लावलेला असेल तर तो रद्द करा. नाहीतर नवा प्लॅनही घेतला आणि जुन्याचे पैसेही गेले, असं होतं.

पोस्टपेडवर असाल तर आधी प्रीपेडला या. आता हे ओटीपीवर होतं, पुन्हा सगळी कागदपत्रं द्यावी लागत नाहीत. मागचं बिल पूर्ण भरलेलं हवं.

कंपनी बदलायची असेल तर ‘PORT’ हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. मिळालेला कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. जुन्या सिमवरची शिल्लक बुडते, म्हणून मोठा रिचार्ज नुकताच मारला असेल तर तो संपेपर्यंत थांबा. सिम बदलल्यावर पहिला दिवसभर ओटीपीचे मेसेज अडू शकतात, त्यामुळे घराचा हप्ता किंवा परीक्षेचा फॉर्म त्याच दिवशी ठेवू नका.

५. फोन नीट लावून घ्या

पहिलं काम: मोबाईल डेटाचं बटण बंद. प्लॅनमध्ये डेटा नसताना ते चालू राहिलं आणि मुख्य शिल्लक खात्यात पैसे असले, तर फोन मागच्या मागे डेटा वापरून ती शिल्लक खाऊ शकतो.

दुसरं: वाय-फाय कॉलिंग चालू करा. अँड्रॉइडमध्ये सिम किंवा मोबाईल नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये, आयफोनमध्ये सेल्युलरच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय असतो. जाड भिंतींच्या वाड्यात, तळमजल्यावर, डोंगराआडच्या गावात रेंज नसली तरी वाय-फायवरून साधा कॉल लागतो आणि येतो. समोरच्याला आपला नेहमीचाच नंबर दिसतो, त्याला कुठलंही ॲप लागत नाही. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणली. व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये सुरुवातच महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता इथून केली. यासाठी वेगळे पैसे नाहीत, पण प्लॅन चालू हवा. ‘वाय-फाय आहे, मग रिचार्जच नको’ असा अर्थ काढू नका.

तिसरं: ॲपचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ हे सगळं ‘फक्त वाय-फायवर’ असं लावून ठेवा. पुढे कधी एक जीबीचं व्हाउचर मारलं तर ते फोटोंच्या बॅकअपमध्ये पाच मिनिटांत उडणार नाही.

चौथं, आणि वीज जाणाऱ्या गावांत हे फार महत्त्वाचं: राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. बारा व्होल्टच्या राउटरसाठी मिळणारा हा डबा इन्व्हर्टरच्या मानाने अगदी स्वस्त असतो आणि काही तास इंटरनेट चालू ठेवतो. घ्यायच्या आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर टिपून न्या. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटलं तर तोही उपयोगाचा नाही, पण अशा वेळी साधे कॉल मोबाईल टॉवरवरून चालूच राहतात.

६. घराबाहेर कसं भागवायचं

इथेच लोक कच खातात, म्हणून थोडं सविस्तर.

*पैसे.* खिशात थोडी रोकड ठेवा. ही एक सवय परत आणली की निम्मा प्रश्न सुटतो. शिवाय इंटरनेटविना यूपीआय करण्यासाठी एनपीसीआयची (यूपीआय चालवणारी संस्था) *९९# ही सेवा आहे. बँकेत नोंदलेल्या नंबरवरून हे डायल करायचं, भाषा निवडायची (मराठी आहे), आणि समोरच्याचा मोबाईल नंबर किंवा यूपीआय आयडी टाकून पैसे पाठवायचे. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. क्यूआर कोड यात स्कॅन होत नाही, त्यामुळे दुकानदाराला नंबर विचारावा लागतो. सगळ्या कंपन्यांच्या सिमवर ही सेवा सारखी चालत नाही. घरच्याच कोणाला दहा रुपये पाठवून आधी खात्री करा, मग तिच्यावर विसंबा.

*रस्ते आणि गाड्या.* गुगल मॅपमध्ये आपल्या शहराचा नकाशा वाय-फायवर असतानाच ऑफलाइन उतरवून ठेवा. जीपीएसला डेटा लागत नाही. गाडी चालवताना रस्ता दिसतो, फक्त कोंडी कुठे आहे ते कळत नाही. मुंबईत एम-इंडिकेटरवर लोकलचं वेळापत्रक इंटरनेटशिवायही दिसतं. रोजचा प्रवास असेल तर पास काढा. तिकिटाच्या रांगेचा आणि ॲपचा, दोन्ही प्रश्न मिटतात.

*रेल्वे स्टेशन.* रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वाय-फाय देशातल्या हजारो स्टेशनांवर आहे. सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलहून झाली. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा, दिवसाची पहिली तीस मिनिटं फुकट. गाडीची वाट बघताना निरोप बघायला एवढं पुरतं.

*पीएम-वाणी.* डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ही योजना मंजूर केली. किराणा दुकानदार, चहाची टपरी असे कोणीही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतात. ॲपमधून जवळची ठिकाणं दिसतात आणि छोटी कूपनं मिळतात. तुमच्या गावात एखादं असेल तर नशीब. मी यावर फार भरवसा ठेवायला सांगणार नाही, कारण ठिकाणं विखुरलेली आहेत. अशा कुठल्याही सार्वजनिक वाय-फायवर बँकेचं काम करू नका.

*रिक्षा-टॅक्सी.* जाताना घरून बुक करता येते, परत येताना अडचण होते. ज्यांना वरचेवर असं लागतं त्यांनी डेटा सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री एकटीने परतणाऱ्या मुलीच्या फोनचा डेटा तर बचतीच्या यादीत धरूच नका.

*कागदपत्रं.* आधार, लायसन्स, गाडीचं आरसी, विमा हे डिजिलॉकरमध्ये असलं तरी बाहेर डेटाविना ते उघडेलच असं नाही. आधीच उतरवून ठेवा किंवा मूळ कागद सोबत घ्या.

७. आपल्या माणसांना सांगा

हे तांत्रिक काम नाही, पण याच्यावाचून व्यवस्था टिकत नाही. आज सगळे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ‘टाकलं होतं की ग्रुपवर, बघितलं नाहीस?’ ही तक्रार हमखास होणार. म्हणून बहीण-भाऊ, सोसायटीचे सेक्रेटरी, मुलांच्या शिक्षिका यांना एकदाच सांगून ठेवा: महत्त्वाचं असेल तर साधा फोन करा, मेसेज मला घरी पोचल्यावर दिसतो. लोक ऐकतात. उलट काकू-आत्या तर खूश होतात, कारण पुन्हा फोनवर बोलणं सुरू होतं.

घरातल्या मोठ्यांना बटणं दाखवताना घाईघाईने हातातून फोन घेऊन स्वतः करू नका. त्यांच्याच हाताने वाय-फाय चालू-बंद करायला लावा आणि आजी ज्याला ‘नेट गेलं’ म्हणते त्याचे दोन अर्थ समजावून द्या: राउटरचा दिवा गेला असेल तर काय करायचं, आणि फोन वाय-फायपासून सुटला असेल तर काय करायचं. आपत्कालीन ११२ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

८. ज्या खड्ड्यांत लोक पडतात

सर्वांत मोठा खड्डा म्हणजे ‘वीस रुपये ठेवले की नंबर चालू राहतो’ ही समजूत. ट्रायचा २०१३ पासूनचा नियम असा: प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, पण खात्यात वीस रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ती कापून नंबर आणखी काही दिवस राखला जातो. यात नंबर *तुमच्या नावावर राहतो*, एवढंच. प्लॅनची मुदत संपल्यावर जाणारे कॉल लगेच थांबतात, आणि काही दिवसांनी येणारे कॉल आणि मेसेजही. ओटीपी आला नाही तर राखलेल्या नंबरचा काय उपयोग? म्हणून ज्या नंबरवर बँक किंवा आधार आहे त्याला वीस रुपयांच्या भरवशावर ठेवू नका.

बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाकडे. हा धोका ओळखून एनपीसीआयने बँका आणि यूपीआय ॲपना एप्रिल २०२५ पासून बंद व बदललेल्या नंबरांची यादी निदान आठवड्याला एकदा तपासायला लावली आहे. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नंबर गेला तर यूपीआयही पाठोपाठ जाईल.

सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचं आणि फोन नुसत्या वाय-फायवर चालवायचा, हा सल्लाही फिरत असतो. तो सोडून द्या. यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी त्याच सिमवरून एसएमएस पाठवतं. आणि २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मेसेजिंग ॲपना निर्देश दिले की ज्या नंबरवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये चालू असल्याखेरीज ॲप चालता कामा नये. सिम फोनमध्येच, चालू स्थितीत असू द्या.

फायबरसोबत मिळणाऱ्या लँडलाइन नंबरवर सगळं हलवायचा विचार काही जण करतात. बोलण्यासाठी लँडलाइन उत्तम आहे, अमर्याद कॉल असतात. पण बँकेचे ओटीपी तिथे येत नाहीत, त्यामुळे मोबाईल नंबरची जागा ती घेऊ शकत नाही.

आणि भुलवणारे फोन. प्लॅन संपत आला की ‘तुमचं सिम आज बंद होणार, केवायसी करा’ असे फोन आणि मेसेज येतात. कंपनी ओटीपी विचारत नाही. फोन ठेवा आणि कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन मुदत बघा.

९. परदेशी राहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत, आखातात, युरोपात गेलेल्या आपल्या मुलांचा भारतातला नंबर बहुतेक घरांत आई-बाबाच महिन्याच्या महिन्याला रिचार्ज करत असतात, केवळ बँकेच्या ओटीपीसाठी. तिथे डेटा तर वापरलाच जात नाही. अशा नंबरला वर्षभराचा फक्त-कॉलचा प्लॅन चपखल बसतो. निघण्यापूर्वी भारतातच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, तिथे पोचल्यावर त्या सिमचा डेटा बंद ठेवा. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, कॉल उचलला तर मात्र भरपूर पडतात. वाय-फाय कॉलिंगचे परदेशातले दर कंपनीला विचारल्याशिवाय ते वापरू नका.

एनआरई किंवा एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं) असेल तर आणखी एक वाट आहे. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने दहा देशांतल्या मोबाईल नंबरांवरून अशा खात्यांचं यूपीआय चालू करायला मुभा दिली. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरात आहेत. आपली बँक ही सोय देते का ते विचारा. भारतातला नंबर लगेच सोडू नका, कारण आधारचा ओटीपी तिथेच येतो.

१०. मुदतीची तारीख

महिन्याचा रिचार्ज संपला की आपल्याला कळतं, कारण इंटरनेट थांबतं. वर्षाचा फक्त-कॉलचा प्लॅन संपताना फोन वाय-फायवर व्यवस्थित चालत असतो, व्हॉट्सअ‍ॅपही येत असतं, आणि सिम बंद पडल्याचं लक्षात येत नाही. म्हणून रिचार्ज केला त्याच दिवशी संपण्याची तारीख वहीत, फोनच्या कॅलेंडरमध्ये आणि घरातल्या कालनिर्णयावर लिहा, आणि तिच्या आठवडाभर आधीची सूचना लावा. घरातल्या सगळ्यांच्या तारखा एकाच महिन्यात येतील असं बघा. एकदम सात-आठ हजार काढणं जड जात असेल तर ८४ दिवसांच्या प्लॅनने सुरुवात करून प्रत्येकाची पाळी वेगळ्या महिन्यात लावा. दिवसाचा खर्च थोडा वाढतो, पण एकदम भार पडत नाही. नूतनीकरणाच्या आधी दर पुन्हा तपासा, आणि वर्षभरात डेटा व्हाउचर किती वेळा मारावं लागलं ते ॲपमध्ये बघा. वारंवार मारावं लागलं असेल तर त्या माणसाला पुढच्या वर्षी साधा डेटा पॅकच घेऊन द्या.